जमीन उघडी ठेवूच नये: मल्चिंग, आच्छादन पिकं आणि मातीचा कस (चर्चा)

काळीमाती:
सरळ मुद्द्यावर येतो. सेंद्रिय की रासायनिक हा वाद नंतरचा, मातीचं सगळ्यात जास्त नुकसान ती उघडी ठेवल्यानं होतं असं माझं ठाम मत आहे. पीक निघालं की रान नांगरून एकदम स्वच्छ करायचं, काडी म्हणून दिसता कामा नये, आणि याला आपण चांगली मशागत म्हणतो. पावसाचा मोठा थेंब खाली येतो तेव्हा त्याचा वेग ताशी 30 किमीच्या आसपास असतो. तो थेट मातीवर आदळला की ढेकूळ फुटतं, बारीक कण सुटतात, ते मातीच्या भोकांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर वर पोपडा धरतो. मग पुढचा पाऊस मुरत नाही, वाहतो, आणि वाहताना सगळ्यात सुपीक असलेला वरचा थर घेऊन जातो. तिथं नुसता काडीकचऱ्याचा पातळ थर असता तरी थेंबाचा मार त्यानंच झेलला असता.

ज्यांना पटत नाही त्यांनी हे करून बघा. एक ढेकूळ बरेच हंगाम झाकून ठेवलेल्या भागातलं घ्या, एक कायम नांगरून उघडं ठेवलेल्या भागातलं, दोन्ही सावलीत पूर्ण वाळू द्या आणि पाण्यानं भरलेल्या काचेच्या ग्लासात जाळीवर अलगद सोडा. उघड्या रानातल्या ढेकळातून भराभर बुडबुडे येतात, कडा सुटायला लागतात आणि बघता बघता तळाशी चिखल. दुसरं तसंच बसून राहतं, पाणी बऱ्यापैकी नितळ, आणि नीट बघितलं तर केसांसारखी पांढरी मुळं आणि बुरशीचे धागे कण धरून बसलेले दिसतात. माती एकच, फरक फक्त वागवण्याचा.

माझा आग्रह अजून एक पाऊल पुढचा आहे. बाहेरून आणून पसरलेल्या मल्चपेक्षा त्याच रानात उगवलेलं आच्छादन पीक (जमीन झाकायलाच पेरलेलं पीक) जास्त कामाचं, कारण त्याला मुळं असतात. जिवंत मूळ जमिनीत साखर सोडत राहतं आणि त्यावर खालची सगळी वस्ती जगते, वरून टाकलेल्या काडीला हे जमत नाही. बोला.

कोरडवाहू:
तुमचा पहिला भाग मान्य, दुसरा अजिबात नाही. आच्छादन पीक हे पीकच आहे आणि ते पाणी पितं. जिथं सिंचन आहे किंवा पाऊस भरपूर आहे तिथं ठीक, पण जिथं जमिनीत साठलेल्या ओलीवरच पुढचं पीक काढायचं असतं तिथं मध्ये ताग नाहीतर धैंचा (दोन्ही हिरवळीच्या खताची पिकं) घेतला तर तो ओल ओढून मोकळा होतो आणि मुख्य पिकाच्या पेरणीला खाली कोरडं. कमी पावसाच्या भागात असं मुख्य पिकाचं उत्पन्न घटलेलं आहे, ही काही नुसती भीती नाही. तिथं मेलेलं आच्छादन बरं, म्हणजे आधीच्या पिकाची धसकटं उभी ठेवायची आणि काडी तिथंच पसरायची, ते पाणी पीत नाही आणि बाष्पीभवन रोखतं.

आणि मल्चचीही दुसरी बाजू आहे जी कोणी बोलत नाही. हलकी सर आली तर ती जाड थरातच अडकते, मातीपर्यंत पोचायच्या आधी वरच्यावर उडून जाते. म्हणजे जिथं पाऊस थोडा थोडा आणि हलका पडतो तिथं जाड थर उलटा पडू शकतो. तेव्हा “उघडी ठेवूच नये” हा “च” मला खटकतो.

मापूनबघा:
मी दोघांच्याही विरोधात थोडं बोलणार आहे. आच्छादन करा, दोन वर्षांत सेंद्रिय कर्ब (मातीतल्या सेंद्रिय पदार्थातला कार्बन) दुप्पट होतो असं लोक बिनधास्त सांगतात, कृपया एकदा हिशोब करा. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या 15 सेंमी मातीचं वजन साधारण 2200 टन भरतं. त्यात सेंद्रिय पदार्थ 1 टक्क्यानं वाढवायचा म्हणजे 22 टन टिकाऊ सेंद्रिय पदार्थ तयार व्हायला पाहिजे. आपण जो पालापाचोळा घालतो त्यातला बहुतेक भाग सूक्ष्मजीव खाऊन हवेत सोडून देतात, टिकाऊ म्हणून दहा ते वीस टक्के उरला तर नशीब. म्हणजे हेक्टरी 110 ते 220 टन कोरडा पाला, तेही जमिनीत आधीपासून असलेला कर्ब कमी होत नाही असं धरून, आणि तो तर दरवर्षी कमी होतच असतो. चांगलं वाढलेलं आच्छादन पीक हेक्टरी पाच-सात टन कोरडा पाला देतं. भागाकार तुम्हीच करा.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून एकाच शेतावर गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथं ज्या तुकड्यात दरवर्षी हेक्टरी 35 टन शेणखत पडत आलंय तिथला कर्ब दुपटीच्या वर गेला, पण त्याला किती पिढ्या लागल्या आणि किती खत लागलं ते बघा. मी आच्छादनाच्या विरोधात नाही, खोट्या आशेच्या विरोधात आहे. माणूस दोन हंगाम करतो, माती तपासतो, आकडा हलत नाही, आणि मग सगळंच सोडून देतो.

काळीमाती:
@मापूनबघा हिशोब बरोबर आहे आणि तो सगळ्यांनी वाचावा असाच आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. एकूण कर्बाचा आकडा हलायला दहा-वीस वर्षं लागतील, मातीचं वागणं मात्र त्याच्या खूप आधी बदलतं. पोपडा धरायचं थांबतं ते काडी पसरली त्या दिवसापासून. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्या मातीचा वरचा थर आणि झाकलेल्या मातीचा वरचा थर यांच्या तापमानात दहा अंशांपर्यंत फरक पडू शकतो, त्यासाठी कुठला कर्ब साठवावा लागत नाही. गांडुळं वर यायला लागतात कारण त्यांना वर खाणं आणि ओल दोन्ही मिळतं. ढेकूळ पाण्यात टिकतं ते ताज्या मुळांच्या आणि बुरशीच्या चिकट्यामुळं, तो चिकटा सारखा कुजतो आणि सारखा नवीन तयार व्हावा लागतो. म्हणजे कर्ब साठवण्यापेक्षा कर्ब फिरता ठेवणं महत्त्वाचं. प्रयोगशाळेच्या कागदावरचा एकच आकडा बघून निकाल द्यायचा असेल तर चांगल्या कामालाही नापास कराल.

शिवाय तुमचा हिशोब वरच्या पाल्याचा आहे. मुळांतून आलेला कर्ब वरून टाकलेल्या पाल्यापेक्षा जमिनीत जास्त टिकतो, हे बऱ्याच ठिकाणच्या अभ्यासात दिसलंय. म्हणून तर मी मुळांवर एवढा जोर देतोय.

@कोरडवाहू ओलीचा मुद्दा पुढं घेतो, तो सोपा नाही.

वाफेवाली:
तुम्ही सगळे मोठ्या रानाचं बोलताय, मी भाजीपाल्याचं बोलते. आमच्याकडं आच्छादनाचा पहिला फायदा म्हणजे तण. चार-पाच इंच जाड थर असेल तर प्रकाश लागूनच रुजणारं बारीक बी उगवतच नाही, खुरपणी अर्ध्यावर येते, आणि पाणीही कमी द्यावं लागतं. पण जे सगळं गोड गोड सांगतात त्यांना विचारावंसं वाटतं की दमट हवेत थराखाली गोगलगायी किती होतात ते बघितलंय का? एका रात्रीत कोवळी रोपं फस्त. कोरड्या भागात वाळवी येते. फळझाडांना बुंध्यापर्यंत गवत रचलं तर उंदीर आत घर करतात आणि साल कुरतडतात, झाड गेलं. बुंध्याभोवती चार-सहा इंच जागा मोकळीच ठेवायची, हे प्रत्येक सल्ल्यात पहिल्या ओळीत यायला पाहिजे.

थंड हवेच्या भागात अजून एक. थराखालची माती उशिरा तापते, बी रुजायला वेळ लागतो. तिथं पेरणीच्या ओळीतला थर बाजूला सारून ओळ उघडी करावी आणि रोपं वर आली की परत ओढून घ्यावा.

यंत्रवाला:
एवढा व्याप कशाला? प्लास्टिक मल्चिंग पेपर टाका, तण शून्य, ओल टिकते, माती गरम राहते, ना गोगलगाय ना वाळवी. एकदा अंथरलं की हंगामभर बघायला नको. काडीकचरा एवढा आणणार कुठून, पसरणार कोण? मजूर मिळत नाहीत हे वास्तव आहे.

काळीमाती:
@यंत्रवाला पेपर ओल टिकवतो आणि तण रोखतो, यात वाद नाही. पण आपण इथं माती सुधारण्याबद्दल बोलतोय आणि पेपर मातीला खायला काहीच देत नाही. उलट खालची माती गरम आणि ओली राहिल्यानं आहे तो सेंद्रिय पदार्थ अजून लवकर कुजतो. आणि पातळ पेपर काढताना फाटतो, तुकडे रानातच राहतात, नांगरटीबरोबर अजून बारीक होत जातात. चीनमध्ये हे एवढं वाढलं की 2018 मध्ये नवीन नियम लागू करून पेपरची किमान जाडी 0.01 मिमी करावी लागली, तो निदान अखंड गोळा करता यावा म्हणून. मातीत गेलेलं प्लास्टिक परत काढायचा मार्ग आपल्याकडं नाही. मजुरांची अडचण खरी आहे, म्हणूनच मी म्हणतो की आच्छादन वाहून आणू नका, जागेवर उगवा, जागेवर आडवं करा.

गोठेकरी:
मला सगळ्यात टोचणारा प्रश्न विचारतो. काडी शेतात ठेवा म्हणता, मग जनावरं काय खाणार? ज्याच्याकडं गोठा आहे त्याला धसकट, कडबा, भुसा म्हणजे वैरण. ते मातीला द्यायचं म्हणजे जनावराच्या तोंडचं काढायचं. आणि ज्यांच्याकडं भरपूर मल्च दिसतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या रानातून आलेलं असतं. एका शेताची माती सुधारली असं दाखवताना दुसऱ्या शेतातून किती पालाश (पोटॅश) आणि कर्ब उचलून आणला ते कोणी मोजत नाही. काडीत पालाश सगळ्यात जास्त असतं, ते दरवर्षी बाहेर गेलं तर ते रान हळूहळू रिकामं होतं.

अजून एक, विकत किंवा मागून आणलेल्या गवतावर काय फवारलंय ते विचारा. क्लोपायरॅलिड गटातली तणनाशकं गवतात टिकतात, जनावराच्या पोटातून शेणातही येतात, आणि असं आच्छादन किंवा शेणखत टोमॅटो नाहीतर शेंगवर्गीय पिकाला पडलं तर पानं वेडीवाकडी गुंडाळतात. माणूस रोग समजून औषधं मारत बसतो.

वाफेवाली:
@गोठेकरी हे तणनाशकाचं फार महत्त्वाचं सांगितलंत. सोपी चाचणी म्हणजे ते गवत किंवा शेणखत चांगल्या मातीत मिसळून कुंडीत घेवड्याच्या चार बिया लावायच्या, शेजारी नुसत्या मातीची दुसरी कुंडी. पहिल्या काही पानांतच कळतं.

मापूनबघा:
नत्राचं (नायट्रोजनचं) अजून कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, नवीन लोक इथंच फसतात. गव्हाच्या काडात कर्ब आणि नत्राचं प्रमाण साधारण 80 ला 1 असतं, लाकडाच्या भुशात तर कित्येक शेकड्याला 1. कोवळ्या तागात किंवा चवळीत ते 15-20 ला 1. मोटामोटी 25-30 च्या वर गेलं की कुजवणारे जीव मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. पण हे मुख्यतः काडी मातीत गाडली तर होतं. वरच ठेवली तर मातीला चिकटलेल्या पातळ थरापुरतंच. म्हणजे काडी रोटाव्हेटरनं आत घालून लगेच पेरणी करणं ही सगळ्यात वाईट पद्धत आणि दुर्दैवानं तीच सगळ्यात जास्त वापरली जाते.

कोरडवाहू:
माझ्या ओलीच्या मुद्द्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

काळीमाती:
@कोरडवाहू देतो. आच्छादन पीक पाणी पितं हे खरं, पण प्रश्न ते कधी आडवं करता याचा आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं की फुलोऱ्यात, म्हणजे 45-60 दिवसांनी गाडा, कारण तेव्हा शेंगवर्गीय पीक हेक्टरी 60 ते 100 किलो नत्र गोळा करून बसलेलं असतं. पण ओल कमी असेल तर फुलाची वाट बघायचीच नाही. कुदळ घेऊन वीतभर खोल उकरायचं, माती मुठीत दाबायची, लाडू वळतोय तोपर्यंत पीक ठेवायचं, वळायचा बंद व्हायच्या आधी कापून तिथंच पसरायचं. नत्र कमी मिळेल, पाला कमी मिळेल, पण मुळांच्या वाटा राहतील आणि वरचा थर पुढच्या पिकाची ओल धरेल. आणि गाडायचं नाही, गाडलं की ओल गेलीच समजा.

जिथं मुख्य पिकानंतर पाऊसच नाही तिथं वेगळा हंगाम न धरता मुख्य पिकाच्या दोन ओळींत उशिरा चवळी टोकायची. आणि जिथं तेही शक्य नाही तिथं तुमचं धसकट उभं ठेवणं, त्याला माझी पूर्ण सहमती. ते उघडं नाहीच.

कोरडवाहू:
ओळींतल्या चवळीचं पटतंय, कारण तेव्हा मुख्य पीक तसंही सावली धरून असतं. मात्र मुठीचा लाडू ही चाचणी चिकण मातीला लागू पडते, हलक्या मुरमाड रानात तो एरवीही वळत नाही. आमच्यासारख्यांनी सरळ तारीख धरावी: नेहमीच्या शेवटच्या मोठ्या पावसाच्या दोन आठवडे आधी आच्छादन पीक आडवं, म्हणजे जो काही पाऊस येईल तो थराखाली साठेल. त्याच्या पुढं एक दिवसही उभं ठेवायला माझा विरोध कायम.

गोठेकरी:
मग आमच्यासाठी एवढं सांगा, चवळीचा वरचा अर्धा जनावरांना कापला आणि खालचा अर्धा मुळांसकट तसाच ठेवला तर चालेल का?

काळीमाती:
@गोठेकरी चालेल, फक्त जमिनीलगत कापू नका, वीतभर ठेवा म्हणजे परत फुटेल. आणि त्या जनावरांचं शेण त्याच रानात परत यायला पाहिजे, शेजारच्या नाही.