कॅमेरा बॅगच्या पट्ट्याचा हूक तुटला, आता काय बघून घ्यावं?

काल जिना उतरताना खांद्यावरची बॅग एकदम खाली आली. पट्टा शाबूत, पण टोकाचा फिरता हूक मानेतून तुटलेला. आत कॅमेऱ्याची बॉडी आणि ७०-२०० ची लांब लेन्स होती, पॅडिंगमुळे वाचली पण अजून छातीत धडधडतंय. बॅग जेमतेम दोन वर्षांची. नुसता पट्टा बदलू की बॅगच?

— तुटलेल्या जागी बघा, आतून राखाडी, दाणेदार दिसतंय का? मग ते जस्ताचं ओतीव काम. चकचकीत असतं पण वाकत नाही, सरळ तुटतं, आणि चालताना वजन शांत लटकत नसतं हो, प्रत्येक पावलाला हिसका बसतो, त्यात फिरत्या हुकाची मान सगळ्यात बारीक.

— पट्टा बदलायच्या आधी बॅगेवरची डी-रिंग, म्हणजे हूक अडकतो ती D आकाराची कडी, तपासा! जोड वेल्ड केलेला नसेल तर ओढून ओढून फट पडते आणि हूक तिथूनच निसटतो. ती शिवलीय तिथे चौकोनात फुलीची शिलाई हवी, एकच सरळ ओळ असेल तर माझा तरी भरवसा नाही. नायलॉनची पट्टी उन्हाने कमजोर होते, रंग उडून खरखरीत लागली की काढून टाका.

— हूकच नको असं माझं मत. पट्टी थेट बॅगेत शिवलेली घ्या, काढता येत नाही एवढीच अडचण.

— दाणेदारच आहे आतून! दुसऱ्या बाजूच्या हुकालाही बारीक चीर दिसली आत्ता. दोन्ही काढतोय.