क्यूआर कोड टोपलीपर्यंत आला, स्वस्त कर्ज का येत नाही?

प्रश्न | लालबागचा विद्यार्थी
दादरच्या फुलबाजारात आता टोपलीशेजारीही क्यूआर कोड दिसतो. तरीही सणासुदीला जास्त माल भरायचा झाला की अनेक विक्रेते भिशी किंवा सावकाराकडेच वळतात. जनधन योजना २०१४ साली आली आणि यूपीआय २०१६ साली. खाते आणि व्यवहाराची सोय हाती येऊनही कष्टकऱ्यांचा धंदा का वाढत नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर | निवृत्त बँक अधिकारी, मुलुंड
खाते, पैशांची देवघेव आणि पत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिल्या दोन मिळाल्या म्हणजे तिसरी आपोआप मिळते, असे होत नाही. जागतिक बँकेच्या २०२१ च्या फिन्डेक्स पाहणीनुसार भारतातील ७८ टक्के प्रौढांकडे खाते होते, परंतु त्या खात्यांपैकी सुमारे एक तृतीयांश खात्यांत वर्षभर एकही व्यवहार झालेला नव्हता. यूपीआयमध्ये पैसे लगेच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात, त्यामुळे बँकेला कोणावर भरवसा ठेवावा लागत नाही. कर्जात मात्र तोच ठेवावा लागतो. शिवाय दहा हजारांच्या कर्जाची पडताळणी आणि वसुली यांवरचा खर्च रकमेच्या मानाने फार मोठा असतो, आणि छोटा कर्जदार बँकेला नकोसा होण्याचे खरे कारण हेच आहे.

तंत्रज्ञानाचा उपयोग इथे आहे, कारण रोजच्या जमेची नोंद हाती असेल तर पडताळणी स्वस्त होते. जून २०२० मध्ये फेरीवाल्यांसाठी सुरू झालेल्या पीएम स्वनिधी या कर्जयोजनेत प्रथम १०,००० रुपये विनातारण, ते फेडल्यावर २०,००० आणि पुढे ५०,००० अशी रचना होती, शिवाय वेळेवर हप्ते भरणाऱ्यास व्याजात ७ टक्के सवलत होती. पायरीपायरीने पत वाढवण्याची ही पद्धत मला सर्वांत मोलाची वाटते.

उत्तर | बचत गट कार्यकर्ती, गोवंडी
एक गोष्ट राहून गेली. टोपली बाईची असते, पण क्यूआर कोड पुष्कळदा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्याला जोडलेला असतो. दिवसभर राबते ती आणि व्यवहाराची नोंद त्याच्या नावावर होते. मग उद्या बँकेने ही नोंद पाहूनच कर्ज द्यायचे ठरवले, तर तिच्या हाती काय उरते? नाबार्ड या ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडले, तेव्हा गटाच्या वहीत निदान तिचे नाव तरी होते.

उत्तर | संशोधक, सांताक्रूझ
ताईंच्या मुद्द्याला केनियाचा अनुभव जोडतो. तिथे २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुरी आणि जॅक यांच्या अभ्यासानुसार तिच्यामुळे सुमारे २ टक्के कुटुंबे अतिदारिद्र्यातून वर आली आणि अधिक लाभ स्त्रीप्रमुख कुटुंबांना झाला. मात्र पुढे त्याच फोनवर झटपट कर्जे मिळू लागली आणि अनेक जण थकबाकीत अडकले. आपल्याकडेही कर्जाच्या अॅपवाल्यांनी केलेला छळ आपण पाहिला आहे. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात जमा करणे आणि सर्व खर्च धरून वार्षिक दर आधी सांगणे बंधनकारक केले.

आपण फुलबाजारात पाहणी करणार असाल, तर क्यूआर कोड आहे का एवढेच न विचारता तो कोणाच्या खात्याला जोडला आहे आणि शेवटचे कर्ज कोणाकडून, कोणत्या दराने घेतले, हेही अवश्य विचारा.