‘द डार्क नाइट’ : कथानकातले कच्चे दुवे (अनुभव धागा)

‘बॅटमॅन बिगिन्स’चा हा २००८ सालचा सिक्वेल सुपरहिरोपटापेक्षा गुन्हेगारी थ्रिलर म्हणून जास्त पकड घेतो. थ्रिलर म्हटला की कार्यकारणभाव चोख लागतो. तेव्हा पुन्हा पाहताना खटकलेल्या जागा इथे लिहा. नेमकं दृश्य आणि नेमकं कारण द्या. नुसतं ‘लॉजिक नाही’ नको.

—

सुरुवातीचा बँक दरोडा. स्कूलबस मागच्या अंगाने दरवाजा फोडून आत घुसते, तिच्यात पैसे भरले जातात आणि बाहेर पडून ती तशाच पिवळ्या बसच्या रांगेत मिसळते. कल्पना झकास आहे. पण धुरळा उडवत बँकेतून बाहेर येणाऱ्या बसला मागचा चालक मुकाट्याने वाट कशी देतो? रांगेत त्याच क्षणी बसभर जागाही मोकळी लागते. तो चालक टोळीतलाच मानला तर कोडं सुटतं, पण तसं सुचवणारी एकही फ्रेम नाही, आणि टोळीचा म्होरक्या, खलनायक जोकर तर साथीदारांना एकेक करून संपवत आलेला असतो.

—

मला गोळीवरच्या ठशाचा प्रसंग सगळ्यात कच्चा वाटतो. बॅटमॅन गोळी रुतलेला भिंतीचा तुकडा कापून आणतो, विटांवर गोळ्या झाडून तुलना करतो, फुटलेली गोळी संगणकावर जुळवतो आणि अंगठ्याचा ठसा मिळवतो.

आता बंदुकीचं मॅगझिन कसं भरतात ते बघा. अंगठा दाबला जातो काडतुसाच्या पितळी पुंगळीवर. टोकाच्या गोळीला बोट लागलंच तर ओझरतं. झाडल्यावर पुंगळी बाहेर पडते आणि गोळी बॅरलच्या पेचदार खाचांतून घासत पुढे जाते. ठसा म्हणजे घामाचा आणि तेलाचा पातळ थर, तो तिथेच पुसला जाणार. वर विटेवर आपटून गोळीचे तुकडे. पटकथेला एवढा खटाटोप नकोच होता. खोलीत एक रिकामी पुंगळी सापडली असती तरी तपास तिथेच पोहोचला असता, आणि ते पटलंही असतं.

—

एक गोष्ट चूक म्हणून फिरते, ती चूक नाही. बॅटमॅनची मैत्रीण रेचल आणि सरकारी वकील हार्वी यांना कुठे डांबलंय, त्या दोन ठिकाणांचे पत्ते जोकर चौकशीच्या खोलीत देतो. बॅटमॅन रेचलसाठी निघतो आणि पोहोचतो हार्वीकडे. पत्त्यांची अदलाबदल जोकरने मुद्दाम केली आहे. पार्टीत जोकरने रेचलला खिडकीबाहेर सोडलं आणि बॅटमॅनने तिच्यामागे उडी घेतली, तेव्हाच जोकरला तिचं मोल कळलं होतं, आणि त्या खोलीत तो हे बोलूनही दाखवतो. इतका घट्ट दुवा या सिनेमात दुसरा नाही.

—

पण त्याच उडीत दोन गफलती आहेत. उंची सांगितलेली नाही; समजा दहा मजले, म्हणजे ३० मीटर. वाटेत वेग कमी झाला नाही तर धडक ताशी ८७ किलोमीटरने बसेल. गाडीचं छप्पर अर्धा मीटर चेपलं असं धरलं तरी शरीरावर गुरुत्वाच्या सुमारे ६० पट मंदन (वेग घटण्याचा दर) येतं. चिलखत बॅटमॅनच्या अंगावर आहे, रेचलच्या नाही. ती उठून बोलते.

दुसरी गफलत मोठी. जोकर वर पाहुण्यांमध्येच आहे, हार्वी त्याच घरात आहे, आणि पुढचं दृश्य थेट दुसरीकडे. हार्वीला शोधत आलेला माणूस त्याला न घेता परत का गेला?

—

ट्रकची कोलांटी : जोकरच्या ट्रकला बॅटमॅनने लावलेल्या केबल दिव्याच्या खांबांना अडकतात आणि अख्खा ट्रक उभा उलटतो. खरं तर आधी खांब उपटले गेले असते. तरी प्रसंग पटतो, कारण शिकागोच्या लासाल स्ट्रीटवर खरा ट्रक उलटवला आहे, मागची बाजू पिस्टनने उचलून. वजन खरं दिसलं की डोळा खांबांकडे जातच नाही. चूक झाकण्याची ही रीत मला फार आवडते.

—

फोनचं सोनार राहिलं, म्हणजे जोकरला शोधायला बॅटमॅन शहरभरच्या फोनमधून आवाज सोडून प्रतिध्वनीवरून चित्र उभं करतो ते. फोनचा स्पीकर आणि माइक साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच काम करतात. तेवढ्या आवाजाची तरंगलांबी सुमारे १.७ सेंटीमीटर, म्हणजे त्याहून बारीक तपशील धूसरच राहणार. खोलीचा आकार कळेल, माणूस उभा आहे हे कळेल; चेहरा नाही. खिशातल्या फोनचा आवाज तर कापडातच बराच मुरतो. बॅटमॅनला यंत्रं पुरवणाऱ्या फॉक्सचा, सगळ्या शहरावर पाळत ठेवण्यावरचा आक्षेप मात्र खणखणीत आहे. यंत्राला फक्त माणसांच्या जागा दाखवायला लावल्या असत्या तरी तो तितकाच टिकला असता.