नासर: अर्धंच पटलं

इजिप्तचे अध्यक्ष नासर आणखी जगले असते तर तिथे मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामवादी संघटनेने पुन्हा डोकं वर काढलं नसतं, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं.

त्यांचं ते गाजलेलं भाषण आठवा. ब्रदरहूडचा प्रमुख म्हणे, बायकांना डोक्यावरून ओढणी सक्तीची करा. सभेतून कुणीतरी ओरडतं, 'त्यालाच घालू दे!' आणि नासर खदखदून हसतात. मग सांगतात, मी त्याला म्हटलं, अहो, तुमचीच मुलगी मेडिकलला आहे, ती कुठे घेते? आज कैरोत कुठला नेता भरसभेत असं बोलेल?

पण म्हणून त्यांना धर्मनिरपेक्ष म्हणायचं? १९५६च्या त्यांच्याच संविधानात इस्लाम हा राज्याचा अधिकृत धर्म होता. सुवेझ कालव्यावरून ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने हल्ला केला तेव्हा हा माणूस लोकांना लढायचं आवाहन करायला थेट अल-अझर मशिदीत गेला. १९६१ साली कायदा करून अल-अझर, म्हणजे ही मशीद आणि तिचं इस्लामी विद्यापीठ, सरकारच्या मुठीत घेतलं. धर्म बाजूला नाही ठेवला, कामाला लावला.

शिवाय तुरुंगात नुसते ब्रदरहूडवाले नव्हते, १९५९ पासून कम्युनिस्टही होते. ब्रदरहूडचा विचारवंत सय्यद कुत्ब याला १९६६मध्ये फाशी दिली आणि त्याला आयता हुतात्मा केला. विरोधकांना बोलायला जागाच उरली नाही, उरली फक्त मशीद. १९६७मध्ये इस्रायलकडून झालेल्या पराभवानंतर लोक तिकडे वळले तर नवल काय?

जमीनसुधारणा आणि सुवेझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण यांचं श्रेय मात्र मी कुणालाही हिरावू देणार नाही. २०० फेद्दानांची (एक फेद्दान म्हणजे साधारण एक एकर) कमाल मर्यादा घालून जमीनदारांना हात लावणं सोपं नव्हतं.