मदत हवी आहे: समुपदेशनाच्या नोंदवहीत मुलांबद्दल नेमकं काय लिहायचं?

नमस्कार मंडळी,

मी हडपसर भागातल्या एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. यंदा जूनपासून नववी-दहावीच्या समुपदेशनाचं काम माझ्याकडे आलं आहे. शाळेत समुपदेशकाचं पद नाही आणि बाहेरून कुणाला मानधन देऊन बोलवावं इतका पैसा संस्थेकडे नाही. मुलं माझ्याशी बोलतात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून काम माझ्याकडे. मला ते मनापासून करायचं आहे. दोन-तीन ठिकाणी मात्र अडले आहे, आणि इथे या क्षेत्रातली माणसं आहेत म्हणून विचारते.

सगळ्यात मोठा प्रश्न नोंदवहीचा. मुख्याध्यापक सरांनी एक रजिस्टर आखून दिलंय. रकाने असे: विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता व तुकडी, समस्या, केलेलं समुपदेशन, विद्यार्थ्याची सही, पालकांची सही. रजिस्टर कार्यालयातल्या कपाटात राहणार, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना दाखवायचं. सर मुलांच्या भल्याचाच विचार करणारे आहेत. त्यांचं म्हणणं, ‘उद्या काही बरंवाईट झालं, तर शाळेने काय केलं हे कागदावर असलं पाहिजे.’ ते मला पटतं. पण ‘समस्या’ या रकान्यात लिहू काय?

दोन उदाहरणं देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एक मुलगा आला तो ‘बाई, अकरावीला काय घेऊ?’ म्हणत. बहुतेक मुलं हाच प्रश्न घेऊन येतात, कारण हा प्रश्न विचारायला लाज वाटत नाही. त्याला आयटीआयला जाऊन इलेक्ट्रिशियन व्हायचंय. वडिलांनी सायन्स आणि नीट ठरवून टाकलंय, क्लासची फी कर्ज काढून भरली आहे. अर्धा तास विषयांबद्दल, कॉलेजांबद्दल बोलून झालं. उठता उठता म्हणाला, ‘रात्री झोप येत नाही, छातीत धडधडतं.’ आता याची समस्या काय लिहायची? ‘करिअर मार्गदर्शन’ लिहिलं तर अर्धंच खरं. झोपेचं लिहिलं आणि पालकांची सही घ्यायला वही घरी गेली, तर त्याने मला सांगितलेलं दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या हातात.

दुसरी मुलगी दहावीची. परीक्षा झाली की लग्न, अशी बोलणी घरी चालू आहेत. आईचा विरोध आहे, पण तिचं चालत नाही. कार्यालयातले कारकून याच वस्तीत राहतात. चांगले आहेत, पण कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते. त्या रकान्यात हे लिहिलं तर संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचेल, ही माझी खरी भीती आहे. तिने सांगितल्यापासून मला चैन नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. वाचनालयाचा एक कोपरा दिलाय, मध्ये पुस्तकांचं कपाट. पलीकडे मुलं वाचत बसलेली असतात. शिपाईमामा वर्गाच्या दारात येऊन नाव पुकारतात आणि सगळा वर्ग वळून बघतो. त्यामुळे ज्यांनी यायला हवं तीच मुलं यायचं टाळतात.

आणि तिसरा, जो मी शाळेत अजून कुणाशी बोलले नाही. ज्या मुलांशी मी बोलते, त्यांचेच पेपर मी तपासते. आपले गुण जिच्या हातात आहेत, तिच्यासमोर घरचं दुःख कसं मांडावं, असं त्यांना वाटत असणारच. यावर काय करतात?

पुण्यात परवडणाऱ्या दरात कुणाकडे पाठवता येईल तेही सांगा. आमचे पालक मार्केट यार्डात हमाली करतात, रिक्षा चालवतात, सोसायट्यांमध्ये रखवालदारी, धुणीभांडी करतात. तासाला हजार-दीड हजार रुपये हा पर्याय त्यांच्यापुढे ठेवण्यात अर्थ नाही.

प्रतिसाद – शालेय समुपदेशक, कोथरूड

ताई, तुमची भीती रास्त आहे. असं रजिस्टर मुळीच चालू करू नका.

आम्ही दोन वेगळ्या नोंदी ठेवतो. पहिली शाळेला आणि तपासणीला दाखवण्याची. त्यात तारीख, सांकेतिक क्रमांक, इयत्ता, मूल स्वतःहून आलं की शिक्षकांनी किंवा पालकांनी पाठवलं, भेट किती वेळ चालली आणि पुढे काय ठरलं (पुन्हा भेट, पालकांशी बोलणं, बाहेर पाठवणं, काही नाही). एवढंच. नाव नाही आणि समस्या तर नाहीच. कोणता क्रमांक कुणाचा ही यादी वेगळी, कुलपात. दुसरी नोंद माझी स्वतःची, माझ्या कपाटात. तिच्यातही जेवढं मूल बोललं तेवढंच लिहायचं, आपले अंदाज नाहीत. ‘वडील दारुडे असावेत’ असं वाक्य कधीही लिहू नये.

आता याहून महत्त्वाचं. ‘तू सांगितलेलं मी कुणालाच सांगणार नाही’ असा शब्द मुलाला देऊ नका. तो पाळता येत नाही, आणि मोडला की ते मूल पुन्हा कुणाही मोठ्या माणसाशी बोलत नाही. पहिल्या भेटीतच सांगा: ‘आपलं बोलणं आपल्यात राहील. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुला इजा करत असेल, तर मात्र मला मदत बोलवावी लागेल. कुणाला, कशी, ते आधी तुला सांगेन.’ दहावीच्या मुलांना हे नीट कळतं. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी २०१२च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. तिथे शाळेची बदनामी होईल म्हणून थांबायचं नसतं.

त्या मुलीच्या बाबतीत थांबू नका. लग्न ठरण्याआधीच १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, फोन फुकट आहे. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात न्यायालयाकडून मनाई हुकूम घ्यायची सोय आहे, म्हणजे लग्न लागायची वाट बघावी लागत नाही. आईचा विरोध आहे ही जमेची बाजू आहे. आधी मुलीला सांगा, मग मुख्याध्यापकांना घेऊन आईशी बोला. फक्त त्या आईला घरात एकटं पाडलं जाणार नाही याची काळजी घ्या.

झोप न येणाऱ्या त्या मुलाला ‘जीव नकोसा वाटतो का, मरावंसं वाटतं का’ असं सरळ विचारा. विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार शिरतो हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं याने मुलं मोकळी होतात. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला त्या दिवशी एकटं घरी सोडायचं नाही. पालकांना बोलवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

खर्चाचं म्हणाल तर ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात बाह्यरुग्ण तपासणी नाममात्र केसपेपरवर होते. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक वर्गात लावा.

प्रतिसाद – निवृत्त मुख्याध्यापक, सातारा रस्ता

बाई, मी खुर्चीच्या पलीकडून बोलतो. तुमचे सर रजिस्टर मागतात ते स्वतःच्या आणि शाळेच्या संरक्षणासाठी. त्यांच्याशी ‘हे चुकीचं आहे’ असं सुरू करू नका. वरच्या ताईंनी सांगितलेला नमुना आखून त्यांच्या टेबलावर ठेवा आणि म्हणा, ‘सर, तपासणीला हे पुरेल.’ अधिकाऱ्याला काम चालू आहे की नाही हे बघायचं असतं. मुलाच्या घरात काय चाललंय ते वाचण्याचा अधिकार त्याला नाही.

आणखी दोन कागद काढून ठेवा. पहिला, २५ जुलै २०२५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा असं त्यात आहे. खासगी, सरकारी, कोणत्याही बोर्डाची शाळा असो. पटसंख्या कमी असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करावी असंही आहे. म्हणजे मराठीच्या बाईंच्या नावापुढे ‘समुपदेशक’ लिहिल्याने ती अट पुरी होत नाही. हे संस्थेला लेखी कळवा, तुमच्याच हिताचं आहे. त्याच निकालात सगळ्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण द्यावं असं आहे. या निमित्ताने तज्ज्ञ शाळेत बोलवता येतील आणि तुमच्याखेरीज बाकीच्या शिक्षकांचेही कान उघडतील.

दुसरा कागद मार्च २०२२च्या शासन निर्णयाचा, शाळेतल्या मुलींच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचा. त्या समितीत समुपदेशक आणि महिला डॉक्टर यांच्या जागा आहेत. बहुतेक शाळांत ही समिती फलकावरच असते. तिच्या जागा खऱ्या माणसांनी भरा, तुम्हाला हक्काची दोन माणसं मिळतील. त्या मुलीच्या प्रकरणात तुम्ही एकट्या पुढे जाऊ नका, समितीला बरोबर घ्या.

प्रतिसाद – पालक, सिंहगड रस्ता

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. माझ्या मुलाला झोप येत नाही, छातीत धडधडतं, आणि शाळेतल्या बाईंना ते माहीत आहे पण मला नाही, हे मला बाप म्हणून सहन होणार नाही. कर्ज काढून फी भरणारा बाप वैरी नसतो. त्याला कुणी समजावून सांगितलेलंच नसतं.

धागाकर्ती

दादा, तुमचं म्हणणं मला लागलं, आणि ते खरं आहे. त्या वडिलांपासून लपवायचा माझा हेतू नाही. ती गोष्ट त्यांच्यापर्यंत सहीसाठी आलेल्या रजिस्टरमधून जाऊ नये, मुलाच्या तोंडून जावी, आणि त्या वेळी मी शेजारी असावं, एवढंच मला हवं आहे. मुलाला विचारलं, तो तयार आहे. आधी आईला सांगायचं म्हणतोय.

प्रतिसाद – शालेय समुपदेशक, कोथरूड

पालकांशी बोलताना सायन्स चूक की आयटीआय चूक या वादात पडू नका. वडिलांना नेमकी माहिती द्या. दहावीनंतर औंधच्या आयटीआयमध्ये काय शिकवतात, पुढे शिकाऊ उमेदवारी कशी मिळते, आयटीआय करूनही पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला जाता येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. शक्य असेल तर बापलेकांना एका सकाळी तिथे पाठवा, कार्यशाळा बघू दे. आपण कितीही समजावलं तरी त्या भेटीचं काम होत नाही. अभिक्षमता चाचणी, म्हणजे मुलाचा कल कशात आहे ते बघणारी चाचणी, हवी असेल तर सदाशिव पेठेत ज्ञान प्रबोधिनीत होते. मात्र चाचणीचा निकाल हा बोलण्याचा मुद्दा आहे, त्यावरून मुलावर शिक्का मारायचा नाही. आणि धडधड, झोप न लागणं हे डॉक्टरांना दाखवाच. ते ‘अभ्यासाचं टेन्शन’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

जागेचं आणि पुकारण्याचं: नववीच्या सगळ्यांना भेटा. एकूण एक. साठ मुलांचा वर्ग, प्रत्येकी दहा मिनिटं, पस्तीस मिनिटांच्या तासिकेत तीन मुलं, म्हणजे वीस तासिका. आठवड्याला दोन मिळाल्या तर दहा आठवड्यांत वर्ग होतो. सगळेच जातात म्हटल्यावर कोण गेलं याकडे कुणी बघत नाही. पुन्हा भेटायचं असेल त्या मुलाने तुम्हाला चिठ्ठी द्यायची, शिपायाकरवी बोलावणं बंद. आणि पेपर तपासण्याच्या अडचणीवर सोपा उपाय आहे: तुम्ही शिकवत नाही त्या तुकडीची मुलं तुम्ही घ्या, तुमच्या तुकडीसाठी दुसरे शिक्षक तयार करा. शाळेतली एखादी पुरुष व्यक्तीही या कामात हवी. काही मुलगे बाईंशी सगळं बोलत नाहीत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कुठवर आलंय ते सांगते.

नवा नमुना सरांना दाखवला. त्यांनी रकाने एकेक करून विचारले, ‘पालकांची सही’ काढायला थोडा वेळ लागला, पण मान्य केलं. पालकांची संमती आता वर्षाच्या सुरुवातीला पालकसभेत एकदाच घेणार, म्हणजे मूल कधी आलं हे सहीवरून कळणार नाही. माझ्या नोंदींसाठी प्रयोगशाळेतलं एक छोटं कपाट मिळालं, किल्ली माझ्याकडे. वाचनालयाऐवजी मधल्या सुट्टीनंतर संगीताची खोली रिकामी असते, ती मिळाली. दार बंद होतं, काचेतून बाहेरून दिसतं, आवाज जात नाही. विज्ञानाचे एक सर माझ्या तुकडीची मुलं घ्यायला तयार झाले आहेत.

मुलीच्या बाबतीत १०९८ वर बोलले आणि तिच्या आईशीही. याहून जास्त इथे लिहीत नाही, समजून घ्याल. काम चालू आहे.

मुलाचे वडील येत्या रविवारी रिक्षा बंद ठेवून शाळेत यायला तयार आहेत. ससूनला जायचं त्याच्या आईने ठरवलंय.

आता दोन गोष्टी हव्या आहेत. पालकसभेत वाटायच्या संमतीपत्राचा सोप्या मराठीतला मसुदा कुणाकडे असेल तर इथे टाका. गोपनीयता कुठपर्यंत आणि कुठे नाही हे त्यात चार ओळींत यायला हवं, जे मोठ्याने वाचून दाखवलं तर लिहिता-वाचता न येणाऱ्या आईलाही कळेल. आणि एनसीईआरटीचा शिक्षकांसाठीचा मार्गदर्शन व समुपदेशन पदविका अभ्यासक्रम नोकरी सांभाळून इथल्या कुणी केला असेल तर रजा कशी मिळवली, संस्थेने काय कागद मागितले, तेवढं सांगा. मला तो करायचा आहे.