मोठ्या सेडानला नवे टायर: मागच्या सीटवरचा आराम हवाय, रनफ्लॅट ठेवू की काढू?

सावकाश_जा

नमस्कार मंडळी,

गाडी जर्मन सेडान, मोठी, ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, लिहिलं की धागा "घेतलीतच कशाला" या वळणावर जातो. टायर २४५/४५ आर १८ (शेवटचा आकडा रिमचा, इंचात), चारही एकाच मापाचे, रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे), गाडीबरोबर आलेले तेच. खाचांमधल्या त्या छोट्या पट्ट्या असतात ना, रबर झिजून आता जवळजवळ त्यांच्यापर्यंत आलंय, म्हणजे बदलायचे हे नक्की, काय घ्यायचं ते नक्की होत नाहीये.

माझी अपेक्षा साधी आहे. मी गाडी पळवत नाही, वळणावर चिकटून राहिली पाहिजे वगैरे हौस नाही. मागे आई बसते, तिची कंबर नाजूक, आणि सिमेंटच्या रस्त्यावरचा प्रत्येक जोड तिला थेट पाठीत लागतो. मोठा खड्डा एकवेळ परवडला, तो दिसतो तरी, हळू घेता येतो, पण ही बारीक टक-टक-टक संपतच नाही. यापेक्षा आपली जुनी हॅचबॅक मऊ होती असं ती म्हणते तेव्हा काय बोलणार सांगा.

एक टायरवाला म्हणतो होतं तेच लावा, दुसरा म्हणतो रनफ्लॅट काढून साधे लावा, तिसरा स्पोर्ट टायर गळ्यात मारायला बघतोय (बहुतेक त्याच्याकडे तेच पडून आहेत). वर एका मित्राने १७ इंची रिमचं पिल्लू सोडलंय. गाडीत स्टेपनी नाही, डिकीत तिच्यासाठी जागाही नाही. ब्रँड सांगा, पण का तेही सांगा.

खड्डेमोजणी

ब्रँड शेवटी. आधी हवा बघा, फुकटचं काम आहे.

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर पाटी असते, त्यावर कमी माणसं असताना किती आणि गाडी सामानासकट भरलेली असताना किती असे दोन वेगळे आकडे असतात. टायरवाले ती पाटी कधी बघत नाहीत, येईल त्या गाडीत एकच आकडा भरून मोकळे होतात, आणि तोही गाडी लांबून चालवत आणलेली, टायर गरम. टायर तापले की प्रेशर सहज तीन-चार पीएसआय वर दिसतं, त्यामुळे सकाळी गाडी हलवायच्या आधी मोजा, स्वतःचा गेज ठेवा. तुम्ही दोघंच फिरत असाल आणि आत फुल लोडची हवा असेल तर निम्मी टकटक तिथेच आहे. फक्त आराम हवा म्हणून पाटीवरच्या आकड्याच्या खाली जाऊ नका, कडा झिजतात, टायर तापतो आणि खड्ड्यात रिम आपटते.

दुसरं म्हणजे शॉकअप आणि सस्पेन्शनचे बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे). ते गेले असतील तर कुठलाही टायर लावा, दणका येणारच. टायर काढतील तेव्हा गाडी वर असतेच, पहार घालून बुश हलवून बघायला सांगा, दोन मिनिटांचं काम. नायट्रोजनचा मोह असेल तर सोडा, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, मऊपणात काडीचा फरक पडत नाही.

रबरबुद्धी

खड्डेमोजणींशी सहमत, पण इथे मुख्य आरोपी रनफ्लॅटच वाटतोय.

त्याचं काम कसं चालतं ते बघा म्हणजे कळेल. साध्या टायरमध्ये गाडीचं वजन हवा पेलते, बाजूची भिंत पातळ असते, ती वाकते, आणि रस्त्यावरची बारीकसारीक उंचसखल तिथेच जिरते. रनफ्लॅटमध्ये हवा पूर्ण गेली तरी गाडी त्या भिंतीवर उभी राहिली पाहिजे, साधारण ताशी ८० च्या वेगाने ८० किमी जाता आलं पाहिजे, म्हणून आतून जाड टणक रबर भरलेलं असतं. ती भिंत पंक्चर झाल्यावर एकदा कामाला येणार, पण एरवी रोज ताठच राहणार. त्यात वजनही जास्त, म्हणजे जोडावर चाक उडालं की ते खाली आणायला सस्पेन्शनला जास्त झटावं लागतं. तुमची टकटक म्हणजे नेमकं हेच. मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन सांभाळून घेतं, बारीक जोड इतक्या पटकन येऊन जातो की तो टायरनेच गिळायला हवा.

जुन्या टायरवर खूण बघून खात्री करा: प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आरएफटी, एसएसआर, आरओएफ, झेडपी, मर्सिडीजवाल्यांसाठी एमओई. याखेरीज बीएमडब्ल्यूचा तारा, मर्सिडीजचा एमओ, ऑडीचा एओ या खुणा म्हणजे तो टायर त्या गाडीसाठी जुळवून घेतलेला आहे एवढंच. नुसत्या ताऱ्याचा अर्थ रनफ्लॅट असा होत नाही, दुकानात यावरून फार गोंधळ होतो.

माझं मत: साधे टूरिंग टायर लावा, म्हणजे आरामासाठी बनवलेले. मिशेलिन प्रायमसी, ब्रिजस्टोन टुरान्झा, कॉन्टिनेंटलचा प्रीमियमकॉन्टॅक्ट, योकोहामा ॲडव्हान डीबी या जातीतला तुमच्या मापात जो ताजा मिळेल तो. यातल्या यात कुठला मऊ यावर लोक रात्र रात्र भांडतात, पण रनफ्लॅटवरून यातल्या कुठल्याही टायरवर आलात तर पडणारा फरक त्या भांडणापेक्षा कितीतरी मोठा आहे. पायलट स्पोर्ट, पोटेन्झा, पी झीरो ही मंडळी चांगली आहेत पण त्यांची भिंत वळणासाठी कडक ठेवलेली असते, तुम्हाला ती हौस नाही म्हणताय, मग कशाला.

एक सांगून ठेवतो, स्टीअरिंग थोडं सैल वाटेल. तुमच्या गाडीचं सस्पेन्शन त्या ताठ टायरला धरून बसवलेलं आहे, त्यामुळे पहिले काही दिवस गाडी वळायला क्षणभर विचार करतेय असं वाटतं, मग सवय होते.

एकटी_स्टीअरिंगवर

रनफ्लॅट काढा काढा म्हणणाऱ्यांपैकी किती जण रात्री हायवेला एकटे थांबलेत? मला रात्री गाडी चालवावी लागते, अंधारात बाजूला थांबून पंप जोडत बसण्यापेक्षा हवेचा दिवा लागला की हळूहळू उजेडाच्या ठिकाणी पोचणं मला जास्त आरामाचं वाटतं. आराम फक्त कंबरेचाच असतो का?

आणि स्टेपनीऐवजी ठेवतात तो सीलंटचा (भोक बुजवणाऱ्या द्रवाचा) डबा सगळं बरं करत नाही. खिळा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात घुसला असेल तर ठीक. भिंत चिरली की त्याचा काही उपयोग नाही, सरळ टो करायची. शिवाय आत्ताचे रनफ्लॅट सुरुवातीच्या पिढीइतके दगड राहिलेले नाहीत, तुमचे गाडीबरोबर आलेले म्हणजे डिझाईन जुनं असणार, तेव्हा नव्या रनफ्लॅटमध्ये बसून बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

हां, एक गोष्ट त्यांच्या विरोधात मीच सांगते. शून्य हवेवर चालवलेला रनफ्लॅट बहुतेक कंपन्या दुरुस्त करू नका म्हणतात, आत भिंतीला काय झालंय ते बाहेरून कळत नाही. म्हणजे एक पंक्चर आणि टायर गेला असं होऊ शकतं.

सावकाश_जा

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचा मुद्दा अगदी पटला, पण आमच्याकडे गाडी बहुतेक दिवसा आणि दोघं तरी असतात, त्यामुळे मी साध्याकडे झुकतोय.

हवा आज सकाळी मोजली आणि हसू आलं, चारही चाकांत पाटीवरच्या फुल लोडपेक्षाही जास्त होती! कमी करून एक चक्कर मारली, आई म्हणाली बरं आहे, पण टकटक आहेच.

आता दोन शंका. टायरवर स्टिकर असतो त्यावर डेसिबलचा आकडा असतो, कमी आकडा म्हणजे आत शांत असं धरायचं का? आणि ते १७ इंचाचं काय?

रबरबुद्धी

स्टिकरवरचा आवाज बाहेरचा आहे. इंजिन बंद करून गाडी सोडतात आणि रस्त्याच्या कडेला माईक लावून मोजतात, तुम्ही आत काय ऐकता त्याच्याशी त्याचा संबंध जेमतेम. ६९ वाला आत ७१ वाल्यापेक्षा जास्त घुमू शकतो. तो आकडा शेजाऱ्यांसाठी आहे म्हणा ना.

आतल्या आवाजासाठी हल्ली काही टायरच्या आत फोमची पट्टी चिकटवलेली येते, कॉन्टिसायलेंट, पिरेलीचं पीएनसीएस, मिशेलिनचं अकूस्टिक वगैरे. टायरच्या पोकळीत हवा घुमते, २०० हर्ट्झच्या आसपास, जोडावरून गेल्यावर जो पोकळ "ढुम्" येतो त्यात तिचा वाटा असतो, तो फोम शोषतो. दणका मात्र कमी होत नाही आणि खरबरीत डांबरावरची घरघरही फारशी नाही. पंक्चर काढताना त्या जागचा फोम खरवडावा लागतो, सगळे टायरवाले ते धड करत नाहीत. माझ्या मते तुमच्या केसमध्ये हा वरचा साज आहे, मिळाला तर घ्या, त्याच्यासाठी अडून बसू नका.

१७ इंचाची आयडिया उलट झकास आहे, मित्राला चहा पाजा. २४५/४५ आर १८ मध्ये भिंतीची उंची २४५ च्या ४५ टक्के, म्हणजे ११० मिमी. तीच गाडी २२५/५५ आर १७ वर आणली तर भिंत १२४ मिमी होते आणि चाकाचा एकूण व्यास ६७८ वरून ६७९ मिमी, म्हणजे स्पीडोमीटरला पत्ताही लागत नाही. रबर सव्वा सेंटीमीटरहून जास्त उंच झालं, फुकटची गादीच. (लोक उलट १९ वर जातात, २४५/४० मध्ये भिंत ९८ वर येते, आणि मग इथे येऊन विचारतात गाडी आदळते का.)

पण अटी आहेत. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ते माप दिलेलं असलं पाहिजे. मोठ्या इंजिनच्या गाडीला ब्रेक मोठे असतात, कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारा भाग) १७ च्या रिममध्ये मावत नाही. आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) गाडीला लागतो त्याच्या खाली जायचं नाही: ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, ९७ म्हणजे ७३०, १०० म्हणजे ८००. एक्सएल लिहिलेला टायर जास्त वजन घेतो पण अंगाने कडकही असतो, म्हणून गरज नसेल तर तो घेऊ नका. गरज असेल तर मात्र आरामाच्या नावाखाली कमीवर उतरू नका.

नटबोल्ट

वर सगळं माप आणि नाव झालं, बसवण्याबद्दल कोणीच बोलेना. चांगले टायर घेऊन वाईट बसवले की पैसे पाण्यात.

जुने टायर काढल्यावर फेकायला देऊ नका लगेच. आतल्या कडेवरून तळवा फिरवा, एकदा पुढे एकदा मागे. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं बोटाला लागत असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) गेलेली आहे, मागच्या चाकांची खास करून, आणि तुम्हाला जो आवाज टायरचा वाटत होता त्यातला बराच त्या दात्यांचा होता. ते न सुधारता नवे लावलेत तर काही महिन्यांत तेही गुणगुणायला लागतील. या गाड्यांना चारही चाकांची अलाइनमेंट लागते, नुसती पुढची करून देणाऱ्याकडे जाऊ नका.

रिम बॅलन्सिंग मशीनवर फिरते तेव्हा समोर उभे राहा, आतली कड डोळ्याने बघा. खड्ड्याने वाकलेली रिम आतल्या बाजूलाच वाकते, बाहेरून चकाचक दिसते. वाकलेल्या रिमवर वजनं ठोकून काटा शून्यावर आणतात, मशीन खुश, पण ताशी १०० ला स्टीअरिंग थरथरतंच. रोड फोर्स बॅलन्सिंगचं मशीन कोणाकडे असेल तर तिकडे करा, त्यात रोलर टायरवर दाबून फिरवतात, टायर कुठे कडक कुठे मऊ आहे ते कळतं, मग रिमवर थोडा फिरवून बसवतात. आरामासाठी गाडी असेल तर हे करावंच.

तारीख बघा, टायरच्या भिंतीवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे, २३२४ असेल तर २०२४ चा २३ वा आठवडा. चारही बघा, एक बघून समाधान मानू नका. टायरवर आउटसाइड लिहिलं असेल तर ते बाहेरच आलं पाहिजे, हसू नका, उलटे बसवलेले पाहिलेत. रनफ्लॅट आणि साधा मिसळायचा नाही, बदलायचे तर चारही. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर हे आणखी काटेकोरपणे पाळा.

नवीन रबर पहिले दोन-तीनशे किमी थोडं निसरडं असतं, जरा जपून.

सावकाश_जा

अपडेट. १७ चं बारगळलं, मॅन्युअलमध्ये माझ्या इंजिनला १८ पासूनच सुरुवात आहे. तेव्हा १८ लाच साधे टूरिंग, लोड इंडेक्स जुना तोच, चारही एकाच आठवड्याचे. डिकीत पंप, सीलंट आणि टॉर्च. मागची अलाइनमेंट खरंच गेलेली निघाली, आणि एक रिम आतून वाकलेली. नटबोल्ट, तुम्ही म्हणालात तसं तळवा फिरवला, दाते चांगलेच लागले.

जोड अजून ऐकू येतात पण लागत नाहीत, कसं सांगू, आवाज आहे पण टोक गेलं. स्टीअरिंग सैल झालंय हे खरं, मला चालतं. आई मागे झोपली, म्हणजे अहवाल चांगला समजायचा.

एकच, टायर बदलल्यापासून हवेचा दिवा अधूनमधून लागतोय. हवा मोजली, बरोबर आहे.

नटबोल्ट

रीसेट केलंत का? काही गाड्यांत व्हॉल्व्हला सेन्सर असतो, काहींत नसतोच, गाडी एबीएसच्या सेन्सरवरून चाकं किती फिरली ते मोजून अंदाज लावते, त्यामुळे नवीन टायरचा व्यास तिला शिकवावा लागतो. टायर गार असताना पाटीप्रमाणे हवा करा, मेनूत जाऊन रीसेट करा, मग थोडा वेळ सरळ चालवा. तरी लागला तर व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावून बघा. आणि आता रनफ्लॅट नाहीत, दिवा लागला की मागच्यासारखं "बघू घरी गेल्यावर" चालणार नाही, बाजूला घ्यायची.