सगळं ९ नोव्हेंबरलाच कसं घडलं?

खडूफळा
मी आठवी-नववीला इतिहास शिकवते. वर्गात गेल्या गेल्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात दिनविशेष लिहायची माझी जुनी सवय. परवा ९ नोव्हेंबर लिहायला घेतला आणि कोपरा पुरेना. १९१८, बर्लिन: कैसरची (जर्मन सम्राटाची) सत्ता संपली, प्रजासत्ताकाची घोषणा. १९२३, म्युनिक: हिटलरचं बंड फसलं. १९३८: ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली-जाळली ती रात्र. १९८९: बर्लिनची भिंत खुली. चारही घटना जर्मनीतल्या.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, ही तारीखच तशी आहे का?" मी "योगायोग" म्हणून वेळ मारून नेली आणि धडा काढला. तेव्हापासून ते मनाला टोचतंय. तिनं खरंच विचार करून विचारलं होतं. हा नुसता योगायोग आहे का? सोमवारी तिला नीट सांगायचंय.

बेरीजवजाबाकी
योगायोगच. वर्षाचे दिवस ३६५ आणि घटना अगणित, त्या एकमेकींवर येणारच. खोलीत २३ माणसं असली की कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता ५० टक्क्यांच्या वर जाते. लिंकन आणि डार्विन दोघेही १२ फेब्रुवारी १८०९ ला जन्मले, त्याला काय कारण सांगणार?

जुनीपानं
लिंकन-डार्विनचं मान्य. ९ नोव्हेंबरचं मात्र तसं नाही, पहिल्या तीन घटना एकीतून एक निघाल्यात.

१९१८ चं प्रजासत्ताक हिटलरच्या लेखी देशद्रोह होता. त्याच प्रजासत्ताकाविरुद्ध त्यानं पाच वर्षांनी, ८ नोव्हेंबर १९२३ च्या संध्याकाळी, म्युनिकच्या एका बिअर हॉलमध्ये बंड पुकारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोर्चावर गोळीबार झाला आणि बंड मोडलं. सत्तेवर आल्यावर नाझी दरवर्षी त्याच दिवशी म्युनिकमध्ये जमून मेलेल्या साथीदारांचा स्मृतिदिन पाळू लागले.

आता १९३८ बघा. पॅरिसमधल्या जर्मन वकिलातीतल्या फोम राट या अधिकाऱ्यावर ७ नोव्हेंबरला एका ज्यू तरुणानं गोळ्या झाडल्या होत्या. फोम राट ९ तारखेला मेला. बातमी आली तेव्हा पक्षाचे झाडून सगळे पुढारी स्मृतिदिनासाठी म्युनिकमध्ये एकत्र जेवायला जमलेले. प्रचारमंत्री गोबेल्सनं तिथंच भडकाऊ भाषण केलं आणि पुढाऱ्यांनी तिथूनच आपापल्या भागात फोन लावले. फोम राटचा मृत्यू त्याच दिवशी व्हावा हा योगायोग खरा. पण हल्ल्यांचे आदेश इतक्या झटपट सुटले, ते सगळे स्मृतिदिनाला एका छताखाली होते म्हणून.

१९८९ ची गोष्ट वेगळी. पूर्व जर्मनीतून बाहेर प्रवासाचे नवे नियम १० तारखेला पहाटे जाहीर व्हायचे होते. तिथल्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते शाबोव्स्की यांच्या हातात पत्रकार परिषदेच्या आधी कागद पडला, पण तारखेचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "कधीपासून?" असं विचारल्यावर त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणे ताबडतोब, विनाविलंब. लोक नाक्यांवर लोटले. बोर्नहोल्मर रस्त्याचा नाका रात्री साडेअकराच्या सुमारास खुला झाला. अजून अर्धा तास गेला असता तर तुमच्या फळ्यावर १० नोव्हेंबर आला असता.

एकीकरणानंतर जर्मनीनं राष्ट्रीय दिवस ३ ऑक्टोबरला ठेवला. १९३८ च्या रात्रीवर आनंदोत्सव कसा करणार?

पंचांग
बाई, एक सावधगिरी. २३ एप्रिल १६१६ ला शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेस एकाच दिवशी गेले असं बऱ्याच दिनविशेषांत असतं. तारीख जुळते, दिवस जुळत नाही. स्पेननं १५८२ मध्ये ग्रेगरियन, म्हणजे आज आपण वापरतो ते, कॅलेंडर घेतलं, इंग्लंडनं १७५२ मध्ये. म्हणजे इंग्लंडात २३ एप्रिल उजाडला तेव्हा स्पेनमध्ये ३ मे होता. त्यात सर्व्हान्तेस २२ ला गेला आणि २३ ला त्याचं दफन झालं असं आता मानतात. म्हणून तारखेशेजारी कॅलेंडर कुठलं तेही बघत जा.

खडूफळा
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता वहीत काढून बघितलं: १९१८ पासून १९२३ ला बाण, १९२३ पासून १९३८ ला बाण. १९८९ एकटंच, बाणाशिवाय. त्याच्याखाली ३ ऑक्टोबर लिहिलं तेव्हा कळलं की १९३८ चा एक बाण तिकडेही जातो.

शेजारी ४ जुलै १८२६ पण लिहिणार आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्या दिवशी जेफरसन आणि ॲडम्स हे दोन माजी राष्ट्राध्यक्ष गेले, काही तासांच्या अंतरानं. दोघेही खूप आजारी होते. जेफरसन आदल्या रात्री शुद्धीवर आला की विचारायचा, चार तारीख झाली का? तिथं बाण काढायचा की नाही, हे मी त्या मुलीलाच विचारणार आहे. खडू तिच्या हातात देऊन.